आणखी एक आमरी

आमरी, म्हणजेच ऑर्किड, घरी आणणारा माणूस एका रोपावर सहसा थांबत नाही. आधी खिडकीची जाळी भरते, मग गॅलरीचा कठडा, मग जिन्याचा कोपरा. तरीही पुढच्या प्रदर्शनातून परतताना हातात आणखी एक रोप असतेच. ठेवायला जागा नसताना रोपे घेत राहण्याच्या या हव्यासाला सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. तो वाढला इंग्लंडमधल्या काचघरांत, पण त्याची मुळे आमरीच्या स्वतःच्या घडणीत आहेत. आमरी मिळवण्याच्या वाटेतला एकेक अडसर दूर होत गेला तसतसा हव्यास पसरत गेला. आज मोठा अडसर उरला आहे तो जागेचा.

मुळात आमरीला ठेवायला जागा लागतच नव्हती. वसई खाडीच्या उत्तरेला, नायगाव आणि वसई रोड या स्थानकांच्या पश्चिमेकडच्या पट्ट्यात उमेळे हे गाव आहे. हा सारा परिसर वाड्यांचा. केळी, नारळ, पानवेल, मोगरा, तगर, सोनचाफा यांची लागवड आणि पाण्यासाठी विहिरी व बावखले (लहान तळी) ही वसईच्या वाडीची जुनी रचना. इथली फुले रेल्वेने दादरच्या बाजारात जात आली आहेत. अशा गावांसह उत्तर कोकणातल्या जुन्या आंब्यांच्या खोडांवर आणि फांद्यांवर रानआमरी आपोआप रुजतात. आमरी झाडाचा फक्त आधार घेते, अन्न घेत नाही. तिच्या मुळांवरचे स्पंजासारखे पांढरे आवरण पावसाचे आणि दवाचे पाणी शोषून धरते. तरीही पुष्कळ ठिकाणी तिला बांडगूळ समजून खरवडून टाकले गेले. खरे बांडगूळ झाडाचा रस शोषते. आमरीवर हा आळ विनाकारण आला.

हा घोळ नावांतही दिसतो. संस्कृतात झाडावर वाढणाऱ्या वनस्पतीला ‘वन्दा’ म्हणत. विल्यम जोन्स यांनी १८व्या शतकाच्या अखेरीस हाच शब्द एका आमरीला लावला आणि ‘व्हँडा’ हे नाव जगभर गेले. व्हँडातली एक जात काही भागांत रास्ना म्हणून औषधात वापरतात. मे-जूनमध्ये लोंबते गुलाबी-पांढरे तुरे देणारी आमरी मराठीत सीतेची वेणी झाली. आसाममध्ये तीच ‘कपौ’ म्हणून बिहूच्या दिवसांत केसांत माळली जाते. डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीडे यांच्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या १२ खंडांच्या ग्रंथातही (१६७८ ते १६९३) झाडावरच्या आमरींची चित्रे आहेत. या ग्रंथाला साहाय्य करणारे रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोचीनचे कोकणी वैद्य होते. त्यांचे देवनागरीतले कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. या जुन्या परंपरेत आमरी ओळखली जाई, औषधाला घेतली जाई, केसांत माळली जाई. ती साठवण्याचा विचार कुठे दिसत नाही.

साठवण्याची सुरुवात १८१८ मध्ये झाली. विल्यम स्वेन्सन यांनी ब्राझीलमधून पाठवलेल्या वनस्पतींपैकी एक लंडनजवळ बार्नेट येथे विल्यम कॅटली यांच्या काचघरात फुलली. मोठे, जांभळट, झालरीच्या ओठाचे ते फूल पाहून जॉन लिंडली यांनी तिला १८२१ मध्ये ‘कॅटलिया’ हे नाव दिले. पुढे डेव्हनशायरचे सहावे ड्यूक १८३३ मध्ये एका प्रदर्शनात फुलपाखरासारखी आमरी पाहून या नादाला लागले. त्यांचे माळी जोसेफ पॅक्स्टन यांनी चॅट्सवर्थ येथे प्रचंड काचघर उभारले. संग्रहासाठी १८३५ मध्येच जॉन गिब्सन या तरुण माळ्याला भारतात पाठवले गेले. खासी टेकड्यांतून गोळा केलेल्या आमरी घेऊन तो १८३७ मध्ये परतला. आधी संग्रह आणि मग त्याच्यासाठी घर, हा क्रम तेव्हाच ठरला.

त्या काळी बहुतेक रोपे समुद्रप्रवासातच मरत. खारा वारा, अंधार आणि गोड्या पाण्याची टंचाई त्यांना सोसत नसे. लंडनचे डॉक्टर नॅथानिएल वॉर्ड यांना १८२९ मध्ये बंद बाटलीत नेचा उगवलेला दिसला. त्यावरून त्यांनी काचेची बंद पेटी बनवली आणि १८३३ मध्ये तशा पेट्यांतून सिडनीपर्यंत जिवंत रोपे पाठवून दाखवली. १८४५ मध्ये इंग्लंडमधला काचेवरचा कर उठला आणि मध्यमवर्गीय घरांनाही काचघर परवडू लागले. सेंट ऑल्बन्सच्या फ्रेडरिक सँडर यांच्यासारखे व्यापारी डोंगराडोंगरांत संग्राहक पाठवू लागले. लंडनच्या लिलावांत पुष्कळदा न फुललेले, सुकलेले गड्डे विकले जात. त्यातून कोणते फूल निघेल हे घेणाऱ्याला ठाऊक नसे. ही अनिश्चितताच पुढच्या खरेदीचे निमित्त ठरे. विसाव्या शतकाच्या आरंभी एखाद्या निवडक रोपाला हजार गिनींहून अधिक किंमत मिळाली.

या हव्यासाची किंमत जंगलांनी दिली. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी १८५० मध्ये खासी टेकड्यांतून निळ्या व्हँडाची सात माणसांनी वाहावी एवढी ओझी लंडनच्या क्यू उद्यानासाठी पाठवली. त्यातली थोडीच रोपे जिवंत पोहोचली. तिथूनच दुसऱ्या एकाने पाठवलेले एका माणसाचे ओझे इंग्लंडात ३०० पौंडांना गेल्याची नोंद त्यांच्याच प्रवासवर्णनात आहे. फांदीवर वर्षानुवर्षे वाढलेले रोप एका दिवसात उतरत असे. काचघरात मेलेल्या रोपाची जागा भरायला पुन्हा नवे मागवले जाई. त्या काळच्या खरेदीतला मोठा भाग या मरणांची भरपाई होता.

मुंबई इलाख्यात आमरींचा वेगळा संग्रह होत होता. निकोलस डाल्झेल आणि अलेक्झांडर गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ मध्ये आला. हे गिब्सन पुण्याजवळच्या दापुरी वनस्पती उद्यानाचे अधीक्षक आणि इलाख्याचे पहिले वनसंरक्षक; खासी टेकड्यांत गेलेले जॉन गिब्सन निराळे. पुढे थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात इलाख्याची वनस्पतिसूची प्रसिद्ध केली. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे फादर सांतापाऊ आणि झरीर कापडिया यांनी ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ १९६६ मध्ये दिला. पाचगणीच्या नावाची एक आमरीही या दोघांनी जगाला दिली: हॅबेनेरिया पांचगणीएन्सिस. या संग्रहात प्रत्येक जातीचे थोडे वाळवलेले नमुने पुरतात आणि एका कपाटात शेकडो जाती मावतात. जातीची ओळख पटवण्यासाठी डोंगर रिकामा करावा लागत नाही, हे या कामाने दाखवून दिले.

हव्यासाला दुसरे वळण दिले संकराने. इंग्लंडच्या व्हीच रोपवाटिकेत जॉन डॉमिनी यांनी दोन जातींपासून तयार केलेले कॅलँथे १८५६ मध्ये फुलले. निसर्गात आमरीच्या सुमारे २८,००० जाती आहेत आणि भारतात १,२०० हून अधिक. संकरामुळे ही संख्या अमर्याद झाली. सँडर यांनी १९०६ मध्ये संकरांची यादी छापली. आज तिची जबाबदारी लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे आहे आणि नोंदलेले संकर दीड लाखांच्या पुढे गेले आहेत. नाण्यांचा किंवा तिकिटांचा एखादा संच तरी पुरा होतो. आमरींचा संच पुरा होण्याची शक्यताच तेव्हापासून संपली.

तिसरे वळण प्रयोगशाळेतले. आमरीच्या एका शेंगेत लाखो बिया असतात, पण त्या धुळीसारख्या बारीक असतात आणि त्यांत अन्नसाठा नसतो. रुजायला त्यांना विशिष्ट बुरशीची साथ लागते, हे फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये ओळखले. कॉर्नेल विद्यापीठाच्या लुईस नडसन यांनी १९२२ मध्ये बुरशीऐवजी साखर घातलेल्या अगारवर बिया रुजवून दाखवल्या. १९६० मध्ये जॉर्ज मोरेल यांनी कोंबाच्या टोकातल्या इवल्या ऊतीपासून एकसारखी असंख्य रोपे करण्याची वाट मोकळी केली. हजार गिनींचे फूल त्यानंतर साध्या कुंडीत आले. थायलंडमध्ये डेंड्रोबियमची शेती उभी राहिली आणि ऊतिसंवर्धित रोपे मुंबई-पुण्याच्या रोपवाटिकांत पोहोचली. रानातून आमरी ओरबाडण्याची गरज उरली नाही, ही या शोधांची सर्वात मोठी देणगी. कायद्यानेही तीच दिशा घेतली. वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा सायटिस करार १९७५ मध्ये अमलात आला आणि भारत १९७६ मध्ये त्यात सामील झाला. १९९१ च्या दुरुस्तीने निळी व्हँडा, तांबडी व्हँडा आणि लेडीज स्लिपर आमरींना वन्यजीव कायद्याचे संरक्षण मिळाले. वसई तालुक्यातल्या तुंगारेश्वरसारख्या अभयारण्यातून तर कोणतेच रोप उचलता येत नाही.

आता उरते आमरीची स्वतःची घडण. तिची फुले आठवडेच्या आठवडे टिकतात, पण पुष्कळ जाती वर्षातून एकदाच फुलतात. बाकीचे महिने फक्त पाने आणि मुळे. म्हणून बारा महिने फूल हवे असेल तर वेगवेगळ्या हंगामांची रोपे लागतात. सह्याद्रीच्याच जातींचे पाहिले तर थंडीच्या अखेरीस पांढरे डेंड्रोबियम, उन्हाळ्याच्या शेवटी सीतेची वेणी, पाऊस लागला की एरिडिस आणि श्रावणात जमिनीवरच्या हॅबेनेरिया. ऋतुचक्रात एक जागा रिकामी दिसली की ती भरावीशी वाटते. शिवाय न घेताही रोपे वाढतात. डेंड्रोबियम आणि कॅटलिया पुढे पुढे सरकत कुंडीबाहेर येतात आणि दर दोन-तीन वर्षांनी विभागाव्या लागतात. डेंड्रोबियमच्या कांडांवर पिल्ले फुटतात. ते पिल्लू टाकून द्यायला हात धजत नाही.

कोकणच्या हवेने त्यात भर घातली आहे. बाजारात बहरलेली मिळणारी फॅलेनॉप्सिस बहुधा तापमान नियंत्रित हरितगृहात फुलवलेली असते. पुन्हा दांडा यायला तिला काही आठवडे २५ अंशांच्या आसपास किंवा त्याखाली दिवस हवे असतात. किनाऱ्यावरच्या थोडक्या थंडीत ते सहज साधत नाही. फुले झडल्यावर पुढच्या वर्षी दांडा आला नाही की घरातले माणूस नवी बहरलेली कुंडी आणते. मोठ्या फुलांच्या सिंबिडियमला तर याहून थंड रात्री लागतात. उलट डेंड्रोबियम, व्हँडा आणि व्हँडाचे मोकारासारखे संकर वसईच्या दमट उष्ण हवेत मोकळेपणी फुलतात. पहिली निवड हवामान पाहून केली तर पुढच्या कितीतरी खरेद्या टळतात.

वाड्यांच्या जागी इमारती येत गेल्या, तशी उमेळ्यासारख्या गावांतही आमरी आंब्यावरून खिडकीच्या जाळीवर आली. जाळीत किती रोपे मावतील हे कुंड्यांच्या संख्येवर ठरत नाही, वाऱ्यावर ठरते. रोपांमधून वारा खेळला नाही की पावसाळ्यात कोंब कुजतो, पिठ्या ढेकूण आणि खवले कीड एका पानावरून दुसऱ्यावर जातात. एकच कात्री सगळीकडे फिरली तर विषाणूही पसरतो आणि त्यावर उपचार नाही. म्हणून टांगायची जागा आधी मोजावी; दोन रोपांची पाने एकमेकांना लागू नयेत इतके अंतर ठेवावे; नवे रोप काही आठवडे वेगळे ठेवूनच आत घ्यावे; प्रत्येक कापाआधी कात्री तापवून घ्यावी. कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाची सोडणे यांत रोप मोकळे बसते.

जागेपेक्षा जास्त झालेल्या रोपांची पिल्ले शेजारी द्यावीत. रोपवाटिकेत वाढवलेली देशी व्हँडा किंवा सीतेची वेणी पावसाच्या सुरुवातीला सुती दोरीने आंब्याच्या खोडाला बांधावी. वर्षभरात मुळे सालीला घट्ट धरतात आणि दोरी कुजून गळते.