शहापूर-मुरबाड प्रांतींचे जुने बांधकाम व कारागिरांची विद्या

किल्ल्यासंबंधींचें जुनें दप्तर चाळूं लागलें म्हणजे वेढा, तह, सनद व शिबंदी यांच्या कागदांवर संशोधकाची दृष्टि प्रथम जाते, हें स्वाभाविकच आहे. त्याच रुमालांत इमारतखर्चाच्या यादीही असतात. चुना, गूळ, खिळे, वासे, गवत, मजुरी अशा त्यांतील क्षुल्लक कलमांकडे पाहून बहुतेकजण त्या पुन्हां बांधून ठेवतात. ठाणें जिल्ह्यांतील शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांतील अवशेषांचा विचार करितां मात्र असें वाटूं लागतें कीं, या दुर्लक्षित यादी हाच आज सर्वांत निकडीचा आधार होय. वेढा एकदां पडला व उठला. तटाची निगा मात्र दरसाल करावी लागत होती.

ही निगा पूर्वीं कशी होत असे हें जाणण्यास रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांतील दुर्गप्रकरणाइतकें स्पष्ट साधन दुसरें नाहीं. इ. स. १७१५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या या ग्रंथाची चर्चा राजनीतीच्या अंगानें पुष्कळ झाली आहे. इमारतींच्या अंगानें ती फारशी होत नाहीं. गडावर लोहार, सुतार, पाथरवट यांची एकदोन माणसें कायमचीं संग्रहीं ठेवावीं, तटाला व दरडांना वाढणारी झाडी वेळोवेळीं कापावी, गवत जाळावें, असा त्याचा रोंख आहे. या शेवटच्या कामास अमात्यांनीं गड न्हाणणें असा शब्द योजिला आहे. लेकराला न्हाऊं घालावें तसा गड न्हाणावयाचा! ज्या मुत्सद्द्यानें हा शब्द वापरला त्याला तट कशानें पडतो हें पक्कें ठाऊक होतें. तोफेनें पडलेले तट थोडे; उंबर, पिंपळ व नांद्रुक यांच्या मुळांनीं उकललेले फार.

शहापूर तालुक्यांतील माहुली हें याचें उत्तम उदाहरण होय. आसनगांवच्या पूर्वेस नव्हे, तर वायव्य अंगास उठलेला हा सुमारे २,८१५ फूट उंचीचा डोंगर पळसगड, माहुली व भंडारगड अशा तीन भागांचा मिळून झाला आहे. निजामशाहीच्या अखेरीस शहाजी राजांनीं बाल मूर्तजा निजामशाहास घेऊन याच गडाचा आश्रय केला आणि १६३६ मध्यें मोंगल सरदार खानजमान याच्या वेढ्यापुढें येथेंच तो डाव संपला. पुढें गड शिवाजी महाराजांकडे आला, १६६५ च्या पुरंदरच्या तहानें मोंगलांस गेला, आणि १६७० मध्यें पहिला हल्ला किल्लेदार मनोहरदास गौड यानें परतविल्यावरही त्याच वर्षीं मराठ्यांनीं तो घेतला. इतकी उलथापालथ सोसूनही गड नांदता राहिला, कारण जो कोणी धनी होई त्याला तट उभा हवा असे व पाथरवट गडावरच असे. १८१७ च्या पुणें येथील तहानें माहुली इंग्रजांकडे गेली. तेथून पुढें तिला धनी होता, पण तिची गरज कोणास राहिली नव्हती. आज तेथें जे दरवाजाचे, देवड्यांचे व वाड्याचे अवशेष दिसतात ते युद्धानें केलेले नसून दोनशें पावसाळ्यांनीं केलेले आहेत. या भागांत पाऊस सालीना शंभर इंचांच्या आसपास पडतो हें ध्यानांत घ्यावें.

आतां चुन्याविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें अवश्य आहे. कारण हल्लीं जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं होणारी सर्वांत मोठी हानि याच ठिकाणीं होते. सह्याद्रीचा काळा दगड चुनखडीचा नव्हे. तेव्हां चुना करावयाचा तो देशावरील नदीनाल्यांकांठच्या चुनखडीच्या खड्यांचा, किंवा खाडीकांठच्या शिंपल्यांचा. भट्टींत तो सुमारे ९०० अंश उष्णतेनें भाजला कीं त्यांतील कर्बाम्लवायु निघून जाऊन कळीचा चुना होतो. तो पाण्यांत विरवून मुरत ठेवावयाचा, मग वाळू व विटांची सुरखी घालून बैलाच्या घाणींत मळावयाचा. घाणी म्हणजे दगडी चाकोरीचें वर्तुळ व त्यांत फिरणारें अवजड दगडी चाक. यांतच गुळाचें पाणी, बेलफळाचा गर किंवा हिरड्याचा काढा पडे. हिरडा तर माळशेजच्या रानांतलाच. सुरखीमुळें चुना ओलींतही धरतो. बाकीचा चुना हवेंतील तोच कर्बाम्लवायु हळूहळू परत घेऊन पुन्हां दगड होतो. या क्रियेस महिने लागतात, वर्षेंही लागतात, आणि तोंवर भिंत किंचित् हलली तरी चुना तिच्याबरोबर हलतो. सूक्ष्म भेगा तो स्वतःच भरून काढतो.

सिमेंटाचें तसें नाहीं. तें दुसऱ्या दिवशींच कठीण होतें, आणि हाच गुण ठेकेदारास प्रिय आहे. जुन्या तटाच्या दरजा सिमेंटानें बुजविल्या म्हणजे दर्शनी भाग लोखंडासारखा होतो. आंत भरावाच्या मातीचुन्यांत मुरलेलें पाणी मात्र पूर्वीं दरजांतून पाझरून जाई तें कोंडून राहतें. दोनचार पावसाळ्यांनंतर तट पोट काढतो व एके दिवशीं कोसळतो. शिवाय दगडाला चिकटलेलें सिमेंट काढूं गेल्यास दगडाचा टवका येतो. चुना पुन्हां काढतां येतो. हस्तलिखितांच्या संग्राहकांस हें निराळें समजाविण्याचें कारण नाहीं. जीर्ण पोथीला खळ लावावी, जालीम सरस लावूं नये. जोड असा असावा कीं पुढच्यास तो सोडवितां यावा, हा नियम ते स्वतः पाळीत आलेच आहेत.

चुना दुबळा असतो हा समज ज्यांस आहे त्यांनीं माहुलीच्या पलीकडेच तानसेचें धरण पाहावें. १८९२ मध्यें पुरें झालेलें हें सुमारे पावणेदोन मैल लांबीचें दगडी धरण चुन्यांत बांधलेलें आहे. पुढें त्यास बळकटी द्यावी लागली हें खरें, पण मुंबईस तें आजही पाणी पुरवितें. त्यापूर्वीं १८६५ मध्यें इगतपुरीपर्यंत लोहमार्ग नेतांना थळ घाटांत जे पूल व बोगदे झाले त्यांतही याच विद्येचा उपयोग झाला. म्हणजे गड ओस पडल्यानंतरही गवंडी व पाथरवट यांचे हात या तालुक्यांत रिकामे नव्हते. त्यांची विद्या सुटली ती इंग्रजी अमलाच्या आरंभीं नव्हे, तर पुढें विसाव्या शतकांत सिमेंटाचें पोतें गांवोगांवच्या दुकानांत मिळूं लागल्यावर. या दोहोंमधील अंतर आमच्या लेखनांत नेहमीं पुसलें जातें.

सर्वच बांधकामांस चुना लागतो असेंही नाहीं. अंबरनाथच्या शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० च्या शिलाहारकालीन देवालयासारख्या इमारती दगडांत दगड बसवून रचल्या आहेत. आटगांवच्या जवळ विखुरलेले कोरीव दगडही जुन्या देवळाचेच होत. ज्यांना सरसकट हेमाडपंती म्हणतात, त्यांतील अनेक देवळें हेमाद्रीच्या जन्मापूर्वींचीं आहेत, हें जातां जातां सांगावेंसें वाटतें. अशा ठिकाणीं पाथरवटाचें ज्ञान मसाल्यांत नसून सांध्यांत असतें. दगडाच्या पाठीवरील खांच व टांकीचे घाव पाहून तो कोणत्या थरांतला हें कसलेला पाथरवट सांगूं शकतो. म्हणून पडलेले दगड गोळा करून पारासारखे रचणें किंवा शेंदूर फांसून निराळीं देवस्थानें करणें म्हणजे पोथीचीं पानें उलटसुलट शिवून टाकण्यासारखेंच आहे. प्रत्येक दगड जेथें पडला तेथेंच त्यास अंक घालून नकाशा करावा, आणि ज्याची मूळ जागा निश्चित ठरेल तोच वर चढवावा.

मुरबाडकडून चढणाऱ्या नाणेघाटाविषयीं येथें फार लिहीत नाहीं. तेथील सातवाहनकालीन लेण्याकडे १८२८ मध्यें साइक्सनें लक्ष वेधिलें व पुढें भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनीं नागनिकेच्या लेखाचें वाचन पुढें नेलें, हें सर्वांस विदित आहे. कोरीव कामाला चुनाही नको व लांकूडही नको. डोंगरावरचें पाणी लेण्याच्या कपाळावरून न येतां बाजूस जावें व टाक्यांतील गाळ निघावा, एवढीच त्याची मागणी असते.

खरी घाई आहे ती लांकडाच्या बाबतींत. दगड पडून राहिला तरी शंभर वर्षें वाट पाहतो. साग पाहत नाहीं. या दोन तालुक्यांतील जुनीं घरें व गांवचीं देवळें म्हणजे दगडी जोतें, त्यावर सागाचे किंवा ऐनाचे खांब, तुळया, वासे, आणि वर कुंभारानें चाकावर नळी काढून उभी चिरलेलीं कौलें. गरिबाच्या घरीं भिंतीच्या जागीं कारवीचा कूड व त्यावर शेणमाती. हें सर्व दर उन्हाळ्याच्या अखेरीस शाकारलें जाई. वाऱ्यानें व माकडांनीं सरकविलेलीं कौलें उतरून पुन्हां बसविणें हा वरवर पाहतां हलका उद्योग. पण त्या निमित्तानें वर्षांतून एकदां कोणीतरी जाणता माणूस वाशांच्या टोंकापर्यंत चढे, आणि वाळवी किंवा कुज कोठें लागली हें त्याच्या हाताला कळे. कौलें उतरून पत्रा आला. पत्रा शाकारावा लागत नाहीं, म्हणून वर कोणी जात नाहीं, म्हणून तुळई मोडेपर्यंत कोणास पत्ता लागत नाहीं. सुतार व कुंभार यांस सालाचें बलुतें असे, तें याच निगेचें मोल होतें. प्रत्येक कामाची बोली होऊं लागल्यावर न मोडलेल्या वस्तूकडे पाहण्याची मजुरी कोण देणार?

खांब कुजतो तो बहुधा खालीं, तळखड्याशीं. जुन्या सुताराची रीत अशी कीं, वरचा भार टेकू देऊन धरावा, सडलेला हातभर भाग कापावा आणि त्याच जातीच्या मुरलेल्या लांकडाचा तुकडा तिरकस सांध्यानें व लांकडी खुंटीनें जोडावा. मूळ खांब, त्यावरचें कोरीव काम व रंग सर्व जागींच राहतें. याउलट सबंध खांब काढून नवा, गुळगुळीत खांब बसविणें सोपें पडतें आणि उद्घाटनाच्या दिवशीं शोभतेंही.

कायद्याची उणीव आहे असें म्हणतां येणार नाहीं. १९०४ चा प्राचीन स्मारकांचा कायदा, १९५८ चा केंद्राचा व १९६० चा महाराष्ट्राचा, असे तीन टप्पे झाले. जॉन मार्शल यांनीं १९२३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या जतनाच्या नियमावलींतही नवें करण्यापेक्षां जुनें टिकविण्यावरच भर आहे. २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांच्या १२ दुर्गांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत माहुली नाहीं. नसो. मानामागून पैसा येतो आणि पैशामागून घाईही येते. यादींत नसलेल्या गडावर हौशी मंडळी सुटीच्या दिवशीं झाडी तोडतात, टाकीं उपसतात. अमात्यांच्या भाषेंत गड न्हाणतात. हें काम स्तुत्य आहे. फक्त तटांत शिरलेलें मूळ ओढून काढूं नये. तें कापून जागच्या जागीं मारावें व पोकळी चुन्यानें भरावी, नाहींतर मुळाबरोबर तटही हातांत येतो.

शहापूर व मुरबाड येथें ज्यांस घाणीचा चुना मळतां येतो, तिरकस सांधा घेतां येतो किंवा नळीचें कौल पाडतां येतें असे वृद्ध कारागीर ज्यांच्या परिचयाचे असतील, त्यांनीं त्यांच्या तोंडून हत्यारांचीं, सांध्यांचीं व मसाल्यांच्या प्रमाणांचीं नांवें उतरून घ्यावीं. आणि ज्या संग्राहकांच्या रुमालांत इमारतखर्चाच्या यादी असतील त्यांनीं त्यांच्या नकला प्रसिद्ध कराव्या. यादींतला शब्द व गवंड्याच्या तोंडचा शब्द शेजारीं ठेवल्यास एकाचा अर्थ दुसऱ्याकडून उलगडेल. रुमाल आणखी पन्नास वर्षें बांधलेला राहिला तरी चालेल; गवंड्याचें तसें नाहीं.