'हे कोणाकडून कळले?' : संदर्भनोंदीची मराठी परंपरा

काही दिवसांपूर्वी वर्धा जिल्ह्यातील अल्लीपूर येथे एका संशोधक विद्यार्थिनीच्या घरी जाण्याचा योग आला. विषय महानुभाव गद्याचा. चार वर्षांची टिपणे तिने एका पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती : वह्या, झेरॉक्स प्रती, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर उतरवलेले उतारे. कष्टाविषयी शंका घ्यायला जागा नव्हती. परंतु बहुतेक चिठ्ठ्यांच्या तळाशी 'कोलते, पृ. ११२' एवढेच लिहिलेले. वि. भि. कोलते यांचा कोणता ग्रंथ? कोणती आवृत्ती? उतारा मूळ पोथीतला की संपादकाच्या प्रस्तावनेतला? या प्रश्नांना पेटीपाशी उत्तर नव्हते.

मी तिला रागावलो नाही, कारण माझ्या स्वतःच्या प्रबंधातही हाच दोष होता. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'मधील एक उतारा मी एका समीक्षाग्रंथातून उचलला आणि तळटीपही त्या ग्रंथातलीच जशीच्या तशी दिली. मूळ खंड उघडलाच नव्हता. मौखिक परीक्षेत बाह्य परीक्षकांनी तो पुढे केला, तेव्हा दिलेल्या पृष्ठावर तो उतारा नव्हता. पदवी मिळाली, पण त्या खोलीतील शांतता अजून आठवते.

संदर्भ देणे ही पाश्चात्य विद्यापीठांकडून आलेली औपचारिकता आहे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. तो तपासून पाहण्यासाठी अल्लीपूरहून फार दूर जावे लागत नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे आद्य ज्ञानकेंद्र. चक्रधरांच्या पश्चात, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले ते ऐकीव कथांची गोळाबेरीज करून नव्हे. ज्यांनी प्रसंग प्रत्यक्ष पाहिले त्यांच्याकडे जाऊन त्यांनी आठवणी मिळवल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. पुढे मूळ प्रत धाडीत नष्ट झाली, असे परंपरा सांगते. मग अनुयायांनी आपापल्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला. येथे जे घडले ते आजच्या संशोधकाने लक्षात ठेवावे असे आहे. स्मरणे जुळली नाहीत तेव्हा सगळ्यांना एकाच साच्यात बसवण्याऐवजी भिन्न पाठ नोंदले गेले आणि हा पाठ हिराइसांचा, हा परशरामबासांचा, हा रामेश्वरबासांचा, अशी त्यांची ओळखही राखली गेली. त्या त्या व्यक्तीच्या स्मरणातील अशा पाठाला पंथाने 'वासना' असे नावही दिले. 'हे कोणाकडून कळले?' हा प्रश्न मराठी गद्याच्या आरंभीच विचारला गेला आहे.

मुद्रणयुगात या प्रश्नाला नवी धार आली. वि. का. राजवाडे यांनी साधनांचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला आणि एकूण बावीस खंड काढले. अस्सल कागदावाचून इतिहास नाही, हा त्यांचा आग्रह होता. मात्र कागद छापले म्हणजे ते सापडतातच असे नाही. छापील मराठी ग्रंथांचा पत्ता लावण्याचे काम शंकर गणेश दाते यांनी अंगावर घेतले. त्यांच्या 'मराठी ग्रंथसूची'च्या पहिल्या खंडात १८०० ते १९३७ आणि दुसऱ्यात १९३८ ते १९५० या काळातील ग्रंथ आले. आपण एखाद्या एकोणिसाव्या शतकातील पुस्तकाचे वर्ष सहज लिहून मोकळे होतो; त्या चार अंकांमागे बहुधा दात्यांची नोंद असते, आणि तिचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

चिठ्ठीची शिस्त किती दूर जाऊ शकते याचे उदाहरण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आहे. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये तेथे संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचे काम सुरू झाले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचले गेले आणि जवळजवळ एक कोटी संदर्भचिठ्ठ्या तयार झाल्या. पहिला भाग १९७६ मध्ये निघाला. वेचणारा आणि संपादणारा यांच्यात पिढ्यांचे अंतर पडले तरी काम अडले नाही, कारण शब्द, वाक्य, ग्रंथ आणि स्थळ ही माहिती चिठ्ठीवरच होती. अल्लीपूरच्या पेटीत आणि या दालनात फरक आहे तो आकाराचा नव्हे, चिठ्ठीवरच्या त्या शेवटच्या ओळीचा.

संदर्भव्यवस्थापनाची संगणकीय साधने याच चिठ्ठीची वंशज आहेत. त्यांपैकी 'झोटेरो' हे विनामूल्य साधन २००६ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहासविषयक केंद्रातून आले. ते इतिहासकारांच्या गरजेतून घडले हे ध्यानात घेतले पाहिजे. त्यात प्रत्येक ग्रंथाची एक नोंद असते. लेखक, संपादक, भाषांतरकार, आवृत्ती, वर्ष, प्रकाशक यांसाठी स्वतंत्र रकाने असतात. टिपणे आणि पीडीएफ त्या नोंदीलाच जोडता येतात. लेखन करताना नोंद निवडली की तळटीप आणि अखेरची सूची निवडलेल्या पद्धतीप्रमाणे तयार होते; पद्धत बदलली तर सगळ्या तळटीपा एकदम बदलतात.

तथापि मराठीचा अभ्यासक या रकान्यांपुढे थबकतो, आणि त्याचे थबकणे उपयुक्त असते. ज्ञानेश्वरांचे आडनाव कोणते लिहायचे? (नावाचा रकाना एकेरी करता येतो, तो करावा.) शके १२१२ हे वर्ष तसेच भरले तर यंत्र ते इसवी सन समजते, १२९० लिहून शकाचा उल्लेख वेगळा ठेवावा लागतो. युनिकोडच्या सारणीत 'ळ' हा 'ल'च्या शेजारी बसतो, आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांना तर तेथे स्वतंत्र घरच नाही. म्हणून सूचीचा क्रम शेवटी डोळ्यांनीच तपासावा.

काही रकाने याहून खोल प्रश्न उभे करतात. 'गीता प्रवचने' ही विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात सांगितली आणि साने गुरुजींनी टिपून घेतली. लेखकाच्या रकान्यात विनोबा येतील हे खरे. पण ज्याच्या लेखणीमुळे ती वाणी टिकली त्याला कोठे ठेवायचे? 'लीळाचरित्रा'च्या ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि कोलते यांच्या आवृत्त्यांत लीळांचे क्रमांक एकसारखे नाहीत. तेव्हा आवृत्ती न सांगता दिलेला लीळाक्रमांक हा गावाचे नाव नसलेला घरक्रमांक होय. गांधीजींच्या समग्र इंग्रजी वाङ्मयाचे शंभर खंड जगभरच्या अभ्यासकांनी वापरले. नंतर निघालेल्या सुधारित आवृत्तीत मजकूर गळाला आणि खंडांची मांडणी बदलली, तेव्हा जुने संदर्भ जुळेनात. अभ्यासकांनी हरकत घेतली आणि २००५ मध्ये ती आवृत्ती मागे घेण्याचे ठरले. सेवाग्रामच्या जिल्ह्यात राहणाऱ्या आपण हा धडा विसरू नये.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनंतर आपली सारी चिंता साम्याच्या टक्क्यांभोवती फिरते. दहा टक्क्यांच्या आत आलो की सुटलो, अशी भावना असते. पण साम्य मोजणाऱ्या यंत्राला उसना मजकूर सापडतो. उसना संदर्भ सापडत नाही. माझी ती तळटीप त्याने निर्दोष ठरवली असती. आता तर अस्तित्वात नसलेल्या ग्रंथांचे सुबक संदर्भ रचून देणारी यंत्रेही हाताशी आहेत. झोटेरो त्या खोट्या नोंदीचीही तितकीच नेटकी तळटीप करील. नीटनेटकेपणा म्हणजे सत्य नव्हे. ग्रंथ उघडून पृष्ठ पाहण्याचे काम कोणतेही साधन आपल्या वतीने करीत नाही.

त्या विद्यार्थिनीने नंतर दोन महिने खपून पेटीतील चिठ्ठ्या एकेक करून नोंदवल्या. ग्रंथालयात जाऊन प्रत्येक उतारा मुळाशी ताडून पाहिला. बहुतेकांचे घर सापडले. चाळीसेक चिठ्ठ्या मात्र बेवारस राहिल्या, आणि त्यांत तिच्या एका प्रकरणाचा मुख्य आधार असलेला उतारा होता. तो तिने काढून टाकला; प्रकरण बारा पानांनी आखूड झाले. मला ते आता अधिक भक्कम वाटते.