पाचवं कलम

दहा कलमांचा एक कागद होता. रिपब्लिकन पक्षानं तो १ ऑक्टोबर १९६४ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना सादर केला. पुढारी कर्मवीर दादासाहेब गायकवाड. त्या कागदापायी पुढं जो लढा झाला त्याला आपण भूमिहीनांचा सत्याग्रह म्हणतो. सभेत त्याचं नाव निघालं की टाळ्या पडतात. पण कागदावर काय लिहिलं होतं असं विचारा. दहातले नऊ जण 'जमीन' म्हणतील आणि गप्प बसतील. मीही त्या नवांतलाच होतो.

म्हणून आधी कागद वाचू. पहिलं कलम, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात घटनेचे शिल्पकार म्हणून बाबासाहेबांचं तैलचित्र लावा. दुसरं, कसेल त्याची जमीन. तिसरं, पडीक जमीन भूमिहीन मजुरांना द्या. चौथं, धान्याचं पुरेसं वाटप करा आणि महागाई आवरा. पाचवं, झोपडपट्टीत राहणाऱ्यांची स्थिती सुधारा. सहावं, १९४८ चा किमान वेतन कायदा पुरता अमलात आणा. सातवं, बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या सवलती द्या. आठवं, दलितांचा छळ ताबडतोब थांबवा. नववं, अस्पृश्यता गुन्हे कायद्याखाली पुरता न्याय द्या. दहावं, नोकऱ्यांतल्या राखीव जागा लवकरात लवकर, फार तर १९७० पर्यंत भरा.

मी घाटकोपरच्या झोपडीत वाढलो. त्यामुळं माझी नजर पाचव्यावर अडकली. अडकली आणि खटकली. चित्र कुठं लावायचं ते सांगितलंय. नोकऱ्यांना साल दिलंय. मजुरीच्या कलमात कायद्याचं नाव आहे. पाचव्याला मात्र माप नाही, तारीख नाही, कायदा नाही. स्थिती सुधारा. म्हणजे काय करा?

हा कागद आकाशातून पडलेला नव्हता. १९४२ साली नागपूरच्या परिषदेत आपल्या लोकांनी स्वतंत्र वसाहतींची मागणी केली होती, गावकुसाच्या जाचातून सुटून स्वतःच्या जमिनीवर राहण्याची. १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीनं बाबासाहेबांनी घटना समितीपुढं निवेदन मांडलं. त्यात शेतजमीन सरकारच्या मालकीची करून गावकऱ्यांना सामुदायिक पद्धतीनं कसायला द्यावी असं होतं. जमिनीचा प्रश्न तेव्हापासूनचा. मग १९५८ च्या कायद्यानं महारवतन गेलं. गुलामी गेली हे चांगलंच झालं, पण वतनाचा तुकडा स्वतःच्या नावावर करायचा तर साऱ्याच्या पटीत पैसे भरा! ज्याच्या घरात दोन वेळची भाकर नाही त्यानं ते कुठून आणायचे?

दादासाहेबांनी १९५९ साली खानदेश-मराठवाड्यात जमिनीचा सत्याग्रह उभा केला. त्यावरून पक्षात ठिणगी पडली. १९५७ ला स्थापन झालेला पक्ष दोन वर्षांत 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' असा फुटला. बॅरिस्टर-वकिलांच्या गोटातून म्हटलं गेलं की हा कम्युनिस्टांचा मार्ग आहे, बाबासाहेबांचा मार्ग घटनेचा. धोतर नेसणारा, नाशिककडच्या बोलीत बोलणारा दादासाहेब त्यांना पुढारी म्हणून शोभत नव्हता, हेही त्यात होतंच. भांडणाचा मुद्दा काय? सरकारकडं मागायचं काय आणि मागायचं कसं. वरवर तात्त्विक दिसतं. आत कोण कुणाच्या वतीनं बोलणार याचा निकाल लागत होता. शिकलेल्याचा प्रश्न नोकरीचा आणि सवलतीचा, अडाण्याचा जमिनीचा. १९६४ च्या कागदात दोघांनाही जागा दिली, हे दादासाहेबांचं शहाणपण. एरवी लोकच आले नसते.

आणि लोक आले. ६ डिसेंबर १९६४, महापरिनिर्वाणाचा दिवस धरून सत्याग्रह सुरू झाला. महाराष्ट्र, उत्तर प्रदेश, पंजाब असा देशभर. तीन लाखांहून जास्त माणसांनी अटक करून घेतली. बाया कडेवर पोरं घेऊन तुरुंगात गेल्या. नाशिकच्या शांताबाई दाणी त्यात होत्या. तुरुंग अपुरे पडले. १९६५ च्या सुरुवातीला सरकारनं बहुतेक मागण्यांवर आश्वासन दिलं आणि सत्याग्रह मागं घेतला गेला.

आता हिशोब घाला. तैलचित्र लागलं १२ एप्रिल १९९० रोजी. पंचवीस वर्षांनी. बौद्धांच्या सवलतींचं कलमही १९९० सालीच केंद्रात मान्य झालं, महाराष्ट्र सरकारनं राज्यापुरत्या त्या आधीच दिल्या होत्या. अस्पृश्यतेचा कायदा १९७६ ला बदलला, १९८९ ला अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. दहाव्या कलमातलं १९७० साल आलं आणि गेलं, अनुशेष हा शब्द मात्र आपल्या पोरांना पाळण्यातच पाठ झाला. पडीक जमिनी काही ठिकाणी मिळाल्या. मिळाल्या त्या बहुतेक माळरान, आणि सातबाऱ्यावर नाव चढायला पुन्हा एक पिढी.

जमिनीची कलमं अर्धवट राहिली त्याचा परिणाम कुठं दिसतो? मुलुंड, भांडुप, घाटकोपरला दिसतो. माझा बाप १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आला. खडी फोडून फोडून रोजगार हमीच्या कामावर जीव निघाला नाही म्हणून गाडीत बसला. दुसऱ्या-तिसऱ्या कलमातला भूमिहीन हाच पाचव्या कलमातला झोपडीवाला. माणूस एकच, फक्त गाव सोडून इथं आलेला. दिल्लीच्या कागदावर मात्र ती दोन वेगळी माणसं आहेत, आणि दुसऱ्याच्या वाट्याला एक ढोबळ ओळ.

याला कारणही आहे. १९६४ ला मुंबईची उपनगरं अजून अर्धी गावठाणंच होती. अंधेरी-घाटकोपर १९५० ला मुंबईत आलं, मुलुंड-बोरिवली १९५७ ला. डोंगरउतार, खाजण, खाणी, कंपन्यांच्या भिंती. पुढाऱ्यांच्या डोळ्यांपुढं खेडं होतं. शिवाय तेव्हा सरकारी भाषा झोपडपट्टी निर्मूलनाची होती. निर्मूलन म्हणजे मुळासकट उपटणं. त्यापुढं 'सुधारा' म्हणणं हीच मोठी गोष्ट, हे कबूल केलं पाहिजे. पण आपण माप दिलं नाही, तर ज्याच्या हातात फूटपट्टी तो देतो.

तसंच झालं. १९७१ ला झोपडपट्टी कायदा आला. सुधारणा म्हणजे अमुक माणसांमागं एक नळ, अमुक माणसांमागं एक संडास, गल्लीला फरशी, खांबाला दिवा. तानसाच्या पाण्याचे थोरले नळ मुलुंड-भांडुप-घाटकोपरवरून शहराकडं जातात. त्या नळाला पाठ लावून झोपड्या आणि बाया हंडे घेऊन पहाटे तीनला रांगेत! ४ जानेवारी १९७६ ला झोपड्यांची मोजणी झाली, फोटोपास मिळाले. घरातली सगळी माणसं एका पाटीमागं उभी करून काढलेला फोटो. आईनं तो पास ट्रंकेत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ठेवला होता. ज्याच्याकडं पास त्याला झोपडी हलवली तर पर्यायी जागा. हे सगळ्यांना नाही. कुणाच्या जमिनीवर झोपडी आहे यावर पुन्हा सगळं. त्याच वर्षी मे महिन्यात, आणीबाणीत, तुर्भ्याच्या बाजूची जनता कॉलनी उठवून माणसं चीता कॅम्पच्या चिखलात नेऊन टाकली. ती वस्ती मोजणीतली होती की नव्हती हे त्या दिवशी बुलडोझरनं कुणाला विचारलं?

मग तारखा सुरू झाल्या. १९७६, १९८०, १९८५. पुढं १ जानेवारी १९९५, २०००, २०११. दहाव्या कलमात आपण सरकारला तारीख घातली होती. इथं सरकारनं आपल्याला तारीख घातली. त्या आधीचा असशील तर माणूस, नंतरचा तर अतिक्रमण. एकाच गल्लीत थोरला भाऊ पात्र, धाकटा अपात्र. ही 'पात्र-अपात्र' भाषा तोंडात इतकी बसली की लग्न जमवतानाही विचारतात, झोपडी पात्र आहे का?

याच काळात मागणी नव्यानं लिहायचा एक प्रयत्न झाला, तो कोर्टात. १३ जुलै १९८१ ला मुख्यमंत्री अंतुले यांनी झोपड्या पाडून माणसं गावी धाडायचं जाहीर केलं. ऐन पावसात. फुटपाथवरच्या माणसांची याचिका हायकोर्टात गेली, तेव्हा त्यांच्या बाजूनं काय कबूल केलं गेलं? फुटपाथवर झोपडी बांधायचा आम्हांला मूलभूत हक्क नाही, १५ ऑक्टोबरनंतर पाडायला हरकत घेणार नाही. पाऊस टळावा म्हणून सगळंच सोडून दिलं. मग सुप्रीम कोर्टात शब्द बदलले. फुटपाथचा हक्क नको, जगण्याचा हक्क हवा, जगायला रोजगार लागतो आणि रोजगार इथं आहे. पश्चिम द्रुतगती मार्गाजवळच्या कामराजनगरची माणसंही या दाव्यात होती. (घाटकोपरच्या लोकांनी गोंधळू नये, आपलं कामराजनगर वेगळं.) सरकार म्हणालं, तिकडं कबूल केलंत, आता बोलायचं नाही. कोर्टानं ते मानलं नाही, मूलभूत हक्क असा कबुलीनं सुटत नसतो म्हणून सांगितलं. १० जुलै १९८५ च्या निकालानं रोजगार हा जगण्याच्या हक्कात धरला. आणि त्याच निकालानं, नोटीस देऊन झोपड्या पाडायला मोकळीक दिली. वाक्य आपलं, बुलडोझर त्यांचा.

इतकं लिहून मी पहिल्या कलमाकडं परत येतो. तरुणपणी मी त्याला हसायचो. पोटाला नाही आणि यांना चित्र हवंय! पँथरच्या काळात, १९७३ चा जाहीरनामा निघाला तेव्हा, जमीन-मजुरी-शिक्षण-घर सगळं त्यात होतं, आणि त्यावरून कम्युनिस्ट की बौद्ध असं भांडण पेटून पँथर फुटली. मी जमीनवाल्यांच्या बाजूचा. चित्र, पुतळा, नाव हे सगळं मला मध्यमवर्गी वाटायचं.

११ जुलै १९९७ नंतर हसलो नाही. रमाबाई नगरात सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार दिसला. माणसं हायवेवर आली. राखीव दलानं गोळ्या घातल्या. दहा मेले. मुलुंडच्या झोपडीत राहणाऱ्या शाहीर विलास घोगरेंनी १५ जुलैला गळफास घेतला. त्या दिवशी त्या माणसांना नळ नव्हता का? संडासाची रांग नव्हती का? होती. त्यासाठी रस्त्यावर आली असती तर हजारभर आली असती. पुतळ्यासाठी सगळी वस्ती आली. नंतर मागण्या झाल्या त्या चौकशीच्या, फौजदारावर खटल्याच्या. गुंडेवार आयोगानं गोळीबार अनाठायी ठरवला. फौजदाराला जन्मठेप २००९ ला, बारा वर्षांनी. त्यावर पुन्हा अपील, जामीन. दादासाहेबांनी चित्र पहिल्या नंबरावर का ठेवलं ते मला त्या जुलैत समजलं. तीन लाख माणसं 'स्थिती सुधारा' म्हणून तुरुंगात जात नाहीत.

पण पाचवं कलम तसंच राहिलं हेही खरं. पहिल्याच्या जोरावर पाचवं वसूल करता आलं असतं, त्याला माप जोडलं असतं तर. १९९५ ला झोपडपट्टी पुनर्वसन आलं तेव्हा २२५ चौरस फुटांचा आकडा आपण नाही सांगितला. बिल्डरचं गणित बसेल एवढा तो होता. पुढं २६९ झाला, ३०० झाला. आज रमाबाई नगरचा पुनर्विकास सरकारी संस्थांनी हाती घेतलाय.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत त्याच धर्तीच्या गोष्टीसाठी बैठक झाली. पोरांनी मागण्यांचा कागद आणला होता. पहिली ओळ, 'रहिवाशांना योग्य न्याय मिळावा.' मी म्हटलं, खोडा. एका म्हातारीनं विचारलं, मग काय लिहायचं? भाडं किती, किती महिन्यांचं आगाऊ, घर कुठल्या तारखेला, नाही दिलं तर दंड कुणाला, धाकट्या भावाचं काय. पोरं कंटाळली. एवढं लिहिलं तर साहेब वाचणार नाही म्हणाली. धाकट्या भावाच्या कलमावर रात्री अकरापर्यंत भांडण चाललं, कारण पात्र असलेल्यांना वाटत होतं की अपात्रांना आत घेतलं तर आपलंही लांबेल. ते कलम अजून लिहून झालेलं नाही. येत्या रविवारी पुन्हा बसायचं ठरलंय.