एका पैची चूक आणि प्रतिभेचा वाद

उस्मानपुऱ्यातील संत एकनाथ रंगमंदिरावरून आमचे येणे-जाणे रोजचे. जोशी, वासुदेव, गोंधळी अशी सोंगे भारुडांतून उभी करणाऱ्या कवीचे नाव नाट्यगृहाला शोभतेच. पण आम्हाला तिथून जाताना आठवतात ते हिशेब तपासणारे एकनाथ.

कथा सर्वांना ठाऊक आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे शिकणाऱ्या एकनाथांवर हिशेबाचे काम सोपवलेले होते. एके दिवशी एका पैचा मेळ बसेना. रात्र उलटून गेली आणि अखेर चूक सापडताच शिष्याने आनंदाने टाळी वाजवली. एका पैसाठी लागणारी ही एकाग्रता गुरूंनी ओळखली, असे परंपरा सांगते. (नाथचरित्र विस्ताराने लिहिणारे महिपती स्वतःही ताहराबादचे कुलकर्णी होते, हे इथे सहज आठवते.) ती इतिहास नव्हे, आख्यायिका आहे. तरीही एवढ्या मोठ्या कवीच्या घडणीची कथा रचताना लोकांना खतावणी सुचावी, ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते.

कारण पुढे नाथांनी जे केले त्याची साक्ष इतिहास देतो. १५७३ साली वाराणसीत त्यांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका पूर्ण केली आणि १५८४ साली, म्हणजे शके १५०६ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. सुमारे तीनशे वर्षांत नकलांमागून नकला होऊन तिच्यात अपपाठ शिरले होते. स्वतः सिद्धहस्त ओवीकार असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या ओव्या निरखाव्यात, चुकीचे शब्द वेचावेत, आणि आपली ओवी त्यात मिसळू नये म्हणून पुढच्यांनाही बजावून ठेवावे! हे काम त्या पै शोधणाऱ्या मुलाचेच आहे.

आता त्यांच्याच घरातली दुसरी कथा पाहू. नाथांचे दौहित्र मुक्तेश्वर लहानपणी मुके होते आणि आजोबांच्या कृपेने त्यांना वाचा फुटली, असे सांगतात. आजोबा घडले कष्टाने आणि नातू कृपेने! परंतु मुक्तेश्वरांच्या महाभारताची आदी, सभा, वन, विराट आणि सौप्तिक ही जी पाच पर्वे आज उपलब्ध आहेत, ती वाचताना संस्कृत महाकाव्यांचा केवढा व्यासंग त्यांमागे आहे, हे पानोपानी जाणवते. आख्यायिकेने तो व्यासंग झाकून टाकला. असाध्य वाटणारे कौशल्य दिसले की त्यामागची वर्षे न मोजता त्याला देणगी म्हणून मोकळे व्हायचे, ही सवय जुनी आहे.

काव्यशास्त्राने मात्र हा प्रश्न इतका स्वस्तात सोडवलेला नाही. मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही तिन्ही सांगून ‘हेतू’ हा शब्द एकवचनी ठेवला. तिघे मिळून एकच कारण. सतराव्या शतकातल्या जगन्नाथ पंडिताने ते अमान्य केले. काव्याचे कारण केवळ प्रतिभा, असे तो ठामपणे म्हणतो. वर्गात आम्ही बहुधा इथेच थांबतो, आणि तिथेच चुकतो. जगन्नाथ लगेच पुढे विचारतो की ही प्रतिभा येते कुठून? त्याचे उत्तर दुहेरी आहे. कुठे ती देवतेच्या वा महापुरुषाच्या प्रसादाने येते, तर कुठे व्युत्पत्ती आणि काव्यरचनेचा अभ्यास यांतून. म्हणजे मुक्तेश्वरांच्या कथेलाही जागा आहे आणि देवगिरीवरच्या खतावणीलाही. प्रतिभा उपजतच असली पाहिजे, असा आग्रह प्रतिभेच्या या सर्वांत कडव्या कैवाऱ्याचाही नाही.

आम्हाला हे उशिरा उमगले, याची खंत आहे. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने कवितांची वही दाखवली होती. कविता कच्च्या होत्या. ‘कविता मुळात असावी लागते,’ असे आम्ही त्याला सांगितले आणि वही परत केली. त्याने ती पुन्हा आणली नाही. त्याच्यात काय होते आणि काय नव्हते, हे ठरवण्याइतके त्याचे लेखन आम्ही वाचलेच कुठे होते? ज्याच्या घरात पुस्तके नाहीत, त्याच्या व्युत्पत्तीची उणीव आम्ही प्रतिभेच्या खात्यावर मांडली. हिशेबातली चूक आमची होती, आणि ती एका पैची नव्हती.

नाथांच्या परिवारात आणखी एक माणूस होता, गावबा. पुरणपोळीच्या ओढीने नाथांकडे राहिलेला भोळा, मंद मुलगा, असे त्याचे वर्णन येते. ‘भावार्थ रामायण’ नाथांच्या हातून युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत झाले. १५९९ साली त्यांनी देह ठेवला आणि उरलेला भाग गावबाने पुरा केला, अशी परंपरा आहे. इथेही ती गुरुकृपेकडे बोट दाखवते. पण नाथांच्या घरी त्या पोराच्या कानांवर रोज काय पडत असेल? निरूपणे, कीर्तने, लिहिता लिहिता मोठ्याने म्हटलेल्या ओव्या. अशा ऐकण्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही.

अलीकडे आम्ही वर्गात ४४ वा आणि ४५ वा अध्याय सलग वाचायला देतो, आकडे झाकून. सांधा कुठे आहे ते ओळखा, म्हणतो. काहींना तो सापडतो. काही जण तास संपल्यावरही पाने उलटीत बसतात.