खिळ्यांचा क्रूस: कॉव्हेंट्रीतील क्षमेचा इतिहास

कॉव्हेंट्री हे इंग्लंडच्या मध्यभागातले कारखान्यांचे शहर. दुसऱ्या महायुद्धात इथे विमानांची इंजिने, मोटारी आणि यंत्रसामग्री तयार होत होती, त्यामुळे जर्मन हवाई दलाचा या शहरावर डोळा होता. १४ नोव्हेंबर १९४० च्या संध्याकाळी सुरू झालेला हवाई हल्ला सुमारे अकरा तास चालला. जवळपास पाचशे विमानांनी शहराचा मध्यभाग जाळून टाकला आणि साडेपाचशेहून अधिक माणसे मेली. अनेकांचे दफन सामुदायिक कबरींत करावे लागले.

संत मायकेलचे कॅथिड्रल त्याच रात्री जळाले. इमारत मध्ययुगीन, पण कॅथिड्रलचा दर्जा तिला १९१८ मध्येच मिळालेला होता. कॅथिड्रलचे प्रमुख धर्मगुरू, म्हणजे प्रोव्होस्ट, रिचर्ड हॉवर्ड आणि पाथरवट जॉक फोर्ब्ज दोन तरुणांना घेऊन छतावर पहारा देत होते. सुरुवातीचे आगलावे बॉम्ब त्यांनी विझवले, पुढे मात्र बॉम्ब फार झाले आणि पाणीही पुरेना. सकाळी उरल्या त्या बाहेरच्या भिंती, मनोरा आणि त्यावरचा उंच कळस.

पुढच्या काही आठवड्यांत या ढिगाऱ्यातून दोन वस्तू घडल्या. छताच्या दोन जळक्या तुळया एकमेकींवर आडव्या पडलेल्या फोर्ब्जना दिसल्या. त्यांनी त्या तशाच बांधून क्रूस उभा केला. पडक्या दगडांच्या वेदीमागे तो ठेवला गेला. आर्थर वेल्स या स्थानिक धर्मगुरूंनी छतातून खाली पडलेले तीन जुने खिळे तारेने जोडून दुसरा, लहान क्रूस केला. पुढे कॉव्हेंट्रीची जगभर ओळख झाली ती या लहान क्रुसामुळे.

त्या दिवसांत देशाची मनःस्थिती काय होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय हॉवर्ड यांच्या कृतीचे मोल कळत नाही. डिसेंबरच्या मध्यास ब्रिटिश विमानांनी जर्मनीतील मानहाइम शहरावर हल्ला केला. कॉव्हेंट्रीसारख्या शहरांवरील हल्ल्यांचा बदला हा त्यामागचा उघड हेतू होता. त्यानंतर दहा दिवसही झाले नव्हते तोच, नाताळच्या दिवशी, बीबीसीच्या प्रक्षेपणात हॉवर्ड कॅथिड्रलच्या अवशेषांतून देशाशी बोलले. कितीही कठीण असले तरी सूडाचा विचार मनातून घालवण्याचा आपला प्रयत्न आहे, आणि युद्ध संपल्यावर अधिक साधे, अधिक मायाळू जग उभे करायचे आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. जुलमाविरुद्धचा लढा तडीस नेलाच पाहिजे, हेही त्यांनी त्याच भाषणात सांगितले. अन्यायाला आवरणे आणि अन्याय करणाऱ्याचा द्वेष न करणे, या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या. ख्रिस्ती क्षमाविचाराचा गाभा या भेदातच आहे, आणि तो एरवी फार सहज विसरला जातो.

या भूमिकेचा आधार शुभवर्तमानात होता. लूकच्या शुभवर्तमानानुसार, क्रुसावर खिळले जात असताना येशूने मारणाऱ्यांसाठी पित्याकडे क्षमा मागितली. त्यांच्या पश्चात्तापाची वाट पाहिली नाही. प्रभूच्या प्रार्थनेतही आपल्याला मिळणारी क्षमा आपण इतरांना करतो त्या क्षमेशी बांधलेली आहे. १९४८ मध्ये भग्न वेदीमागच्या भिंतीवर ‘पित्या, क्षमा कर’ एवढेच शब्द कोरले गेले. येशूच्या मूळ प्रार्थनेतले ‘त्यांना’ तिथे मुद्दाम वगळले होते, कारण हॉवर्ड यांच्या मते अपराधी सगळेच होते. आप्त गमावलेल्या शहरात हे पटवणे सोपे नव्हते, पण पुढच्या सगळ्या कामाची दिशा या निर्णयानेच ठरली.

युद्धानंतर बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेल्या कील या जर्मन बंदराशी मैत्रीचे नाते जोडले गेले आणि खिळ्यांचा असाच एक क्रूस तिथल्या संत निकोलस चर्चला भेट देण्यात आला. नव्या कॅथिड्रलसाठी वास्तुविशारद बेसिल स्पेन्स यांचा आराखडा निवडला गेला. त्यांनी जुने अवशेष पाडले नाहीत, साफसूफ करून झाकलेही नाहीत. नवी इमारत त्यांना लागूनच उभी केली. २५ मे १९६२ रोजी तिचा समर्पणविधी झाला. पाच दिवसांनी तिथे संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांच्या ‘वॉर रिक्विएम’चा पहिला प्रयोग झाला. एक इंग्रज, एक जर्मन आणि एक रशियन गायक एकत्र गातील अशी ब्रिटन यांची योजना होती, परंतु सोव्हिएत सरकारने रशियन गायिकेला येऊ दिले नाही आणि तिच्या जागी उत्तर आयर्लंडची गायिका गायली.

त्याआधी, १९५८ मध्ये, धर्मगुरू कॅनन जोसेफ पूल यांनी समेटाची प्रार्थना रचली होती. द्वेष, लोभ, मत्सर, बेघर व निर्वासितांविषयीची बेपर्वाई, अहंकार अशा एकेका पापाचा तिच्यात उच्चार होतो आणि प्रत्येक वेळी भिंतीवरचेच शब्द उत्तरादाखल म्हटले जातात. दर शुक्रवारी दुपारी बारा वाजता ती भग्न कॅथिड्रलमध्ये म्हटली जाऊ लागली. वर्षानुवर्षे ठरल्या वेळी म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेमुळे क्षमा एका माणसाच्या धैर्यावर अवलंबून राहिली नाही, ती संस्थेचा नेम झाली.

प्रार्थनेच्या जोडीला श्रमही होते. १९६१ मध्ये जर्मन तरुणांचा एक गट प्रायश्चित्ताच्या भावनेने कॉव्हेंट्रीत आला आणि अवशेषांतल्या जुन्या खोल्यांचे बांधकाम करू लागला. १९६५ मध्ये कॉव्हेंट्रीहून ब्रिटिश तरुण पूर्व जर्मनीतील ड्रेस्डेनला गेले. फेब्रुवारी १९४५ च्या ब्रिटिश-अमेरिकी हल्ल्यांत तिथे सुमारे पंचवीस हजार माणसे मेली होती. या तरुणांनी तिथल्या उद्ध्वस्त रुग्णालयाच्या पुनर्बांधणीला हात लावला. कॉव्हेंट्रीच्या इतिहासातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा ठरतो, कारण इथे क्षमा करणारे शहर क्षमा मागणाऱ्यांच्या बाजूला जाऊन उभे राहिले. ड्रेस्डेनचे फ्राउएनकिर्शे हे चर्च पुन्हा बांधले गेले तेव्हा त्याच्या घुमटावरचा सोनेरी क्रूस ब्रिटनमधून आला. तो घडवणाऱ्या लंडनच्या कारागिराचे वडील ड्रेस्डेनवर बॉम्ब टाकणाऱ्या वैमानिकांपैकी एक होते. ३० ऑक्टोबर २००५ रोजी ते चर्च पुन्हा समर्पित झाले.

कीलप्रमाणे खिळ्यांचा क्रूस स्वीकारणाऱ्यांच्या परिवारात आज वेगवेगळ्या देशांतील दोनशेहून अधिक चर्च, शाळा आणि संस्था आहेत. इतिहासाच्या जखमा भरून काढणे, भिन्नतेसह जगायला शिकणे आणि न्याय व शांततेची संस्कृती घडवणे, ही तीन कामे आपापल्या गावात चालवण्याची जबाबदारी क्रूस स्वीकारणाऱ्या प्रत्येकावर असते.