पाद, वात आणि गॅस

पचनसंस्थेचा पाठ मोठ्या आतड्यापाशी आला की वर्गात खसखस पिकते. आम्ही शिक्षक मग 'वायू' एवढेच म्हणून घाईने पुढे सरकतो. ज्या शब्दाला मुले हसतात तो मात्र फार जुना आहे.

'पादणे' हे संस्कृत 'पर्द्' धातूपासून आले. ग्रीकमधले 'पेर्दोमाय' आणि इंग्रजीतले 'फार्ट' हे त्याचेच भाऊबंद. मूळच्या 'प'चा इंग्रजीत 'फ' झाला, जसा पितृ आणि फादर यांत दिसतो. मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी कोशातही 'पाद' आहे.

'पादऱ्याला पावट्याचं निमित्त' ही म्हण पावट्याच्या मुलखातली. आमच्या बुलडाणा जिल्ह्यात हा आळ तुरीवर, हरभऱ्यावर नाहीतर बरबटीवर येईल. निमित्त अगदीच खोटेही नाही. कडधान्यांतल्या रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा फोडणारे विकर आपल्या लहान आतड्यात नसते. त्या तशाच मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जीवाणू त्या आंबवतात. त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काही जणांत मिथेन तयार होतो. या तिन्हींना वास नाही. दुर्गंधी येते ती अत्यल्प गंधकयुक्त वायूंची. (मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव लोणार सरोवराच्या गाळातही सापडले आहेत. सहलीला नेल्यावर हे सांगून पाहावे. तिथे कोणी हसत नाही.)

सभ्य लोकांनी 'अपानवायू' हा शब्द जवळ केला. आयुर्वेदात अपान हा पाच वायूंपैकी एक असून मल, मूत्र आणि गर्भ बाहेर लोटणे हे सारे त्याचे काम. मराठीने त्यातले एकच ठेवले. अधोवात अडवू नये, असे चरकसंहिता सांगते, हे त्या सभ्य लोकांच्या गावी नसते.

आता सगळीकडे 'गॅस' आहे. हा शब्द फ्लँडर्समधल्या व्हॅन हेल्मॉन्टने ग्रीक 'खाओस'वरून घडवला. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ मध्ये छापला गेला. आतड्यातला वायू पेट घेतो, हेही त्याने नोंदवले होते. म्हणजे शब्द योग्य ठिकाणीच आला म्हणायचा!

अडचण वेगळीच आहे. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर 'वारा सरला का?' असे विचारले तर आजीलाही नेमके कळते. आतडी पुन्हा चालू लागल्याची ती खूण असते. 'गॅस' म्हटले की ढेकर, जळजळ, पोटफुगी आणि छातीतली कळ असे सगळेच त्या एका शब्दात शिरते. छाती दाटून घाम फुटला तरी 'गॅस असेल' म्हणत ओवा चावत, सोडा पिऊन घरीच बसणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. हृदयविकाराच्या झटक्यात पहिले काही तासच मोलाचे असतात, आणि आडगावातून खामगावला किंवा बुलडाण्याला पोचायलाच त्यातला बराच वेळ जातो.