राणीची बाग (वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान)

मुंबईत भायखळ्याला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गाच्या पूर्वेस असलेले सार्वजनिक उद्यान, वनस्पतिसंग्रह आणि प्राणिसंग्रहालय. हिंदमाताहून दक्षिणेकडे निघाले की परळ, लालबाग, चिंचपोकळी मागे टाकून डाव्या हाताला ते लागते. मूळ नाव व्हिक्टोरिया गार्डन्स. पुढे जिजामातेचे नाव मिळाले, पण बोलण्यात राणीची बागच टिकली. जुने मुंबईकर ‘राणीचा बाग’ असेही म्हणतात. शेजारच्या लालबागप्रमाणे तेही पुल्लिंगी. हे व्याकरण शाळेत चालत नाही, पण गिरणगावात चालते.

ही जागा जुन्या माझगावच्या मुलखात मोडते. मुंबई बेटांपैकी माझगाव हे बेट पोर्तुगालच्या राजाने १५७२ मध्ये डिसूझा इ लिमा या घराण्याला वंशपरंपरेने दिले. गोरा वसाहतदार, त्याचा वाडा, भोवती नारळी-आंब्याच्या वाड्या आणि त्यांत राबणारी कुळे, अशी त्या काळची रचना होती. अशा वाडीला पोर्तुगीज ‘ओर्ता’ म्हणत. इंग्रजांच्या मुंबईतल्या कागदांत त्याचेच ‘ओर्ट’ झाले. माझगावच्या काही आंब्यांना वर्षातून दोनदा फळ धरे, त्यांतला एक बहर नाताळच्या सुमाराचा. या आंब्याची कीर्ती इतकी की टॉमस मूर या आयरिश कवीच्या ‘लाला रूख’ (१८१७) या काव्यातही त्याचा उल्लेख आहे. कवी स्वतः हिंदुस्थानात कधी आला नव्हता. डिसूझा घराण्याची आज दिसणारी खूण म्हणजे ग्लोरिया चर्च. १६३२ मध्ये त्यांच्या आश्रयाने ते माझगावात उभे राहिले; सध्याची भायखळ्याची इमारत १९११–१३ मधली. इंग्रजी अमलात या वाड्यांचे तुकडे पडत गेले, बंगले उठले, आणि त्यांतल्याच माउंट इस्टेट नावाच्या मिळकतीवर पुढे ही बाग आली.

बागेची सुरुवात मात्र भायखळ्याला नव्हे, शिवडीला झाली. अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेला १८३५ मध्ये शिवडीला जमीन मिळाली आणि तिने तेथे वनस्पतिउद्यान लावले. पुढे ती जागा दफनभूमीसाठी हवी झाली. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळात, १८६५ मध्ये, तेथे ख्रिस्ती दफनभूमी सुरू झाली. शिवडीची ही दफनभूमी आजही वापरात आहे. तिथली जुनी झाडे पाहताना ती मुळात बागेची जागा होती हे माहीत असलेले बरे.

सोसायटीच्या नव्या बागेसाठी माउंट इस्टेटची सुमारे ३३ एकर जमीन मिळाली. या कामामागे डॉ. जॉर्ज बर्डवुड यांचा मोठा हात होता. ते ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत आणि त्यांचा ओढा औषधी वनस्पतींकडे व कारागिरीकडे सारखाच होता. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या पत्नी लेडी फ्रियर यांनी बाग लोकांसाठी खुली केली. आवारातल्या संग्रहालयासाठी डॉ. भाऊ दाजी लाड आणि नाना शंकरशेट यांनी बर्डवुड यांच्याबरोबर खटपट केली. ते २ मे १८७२ रोजी उघडले आणि १९७५ पासून भाऊ दाजींचे नाव लावते.

बागेत मात्र डिसूझांचा नव्हे, तर दुसऱ्या एका परदेशी घराण्याचा ठसा ठळक आहे. मूळचे बगदादचे डेव्हिड ससून १८३२ मध्ये मुंबईत आले आणि कापूस-अफूच्या व्यापारात गबर झाले. भायखळ्यातली त्यांची ‘सां सूसी’ ही हवेली म्हणजे आजचे मसीना रुग्णालय. संग्रहालयातला प्रिन्स अल्बर्टचा पुतळा त्यांच्या देणगीतला, आणि आवारातला घड्याळाचा मनोराही ससूनांच्याच नावाचा. त्यांचे पुत्र अल्बर्ट यांनी शहराला दिलेला सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, म्हणजे मूळ ‘काळा घोडा’, १९६५ मध्ये फोर्टातून उचलून याच बागेत आणून ठेवला. फोर्टातल्या चौकाचे नाव तिथेच राहिले. नको झालेल्या पुतळ्यांचे माहेर अशी या बागेची ख्याती व्हायला हरकत नव्हती: घारापुरीचा दगडी हत्ती १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायचा घाट होता, उचलताना तो फुटला, तुकडे येथे आले आणि १९१४ मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला. तो संग्रहालयाजवळ आहे.

सोसायटीचा कारभार थंडावल्यावर १८७३ मध्ये बाग पालिकेकडे आली. १८९० मध्ये आणखी १५ एकर जोडून प्राणिसंग्रहालय झाले आणि एकूण क्षेत्र ४८ एकर झाले. म्हणजे प्राणी झाडांनंतर अठ्ठावीस वर्षांनी आले. पण लोकांच्या लेखी बाग म्हणजे वाघ, माकडे आणि पाणघोडा. गिरणी कामगारांच्या पोरांची रविवारची चैन हीच. झाडांकडे मान वर करून पाहणारे थोडे. खरे धन मात्र ही झाडेच आहेत. गणतीत २८६ जातींची ३,२१३ झाडे नोंदली गेली. त्यांत गोरखचिंच आहे, कैलासपती आहे आणि मूळची ब्रह्मदेशातली उर्वशी आहे. तिची लाल-पिवळी लोंबती फुले पाहण्यासाठी वनस्पतिप्रेमी येथे मुद्दाम येतात.

शिवडीची गोष्ट भायखळ्यात पुन्हा घडू पाहत होती. २००७ च्या सुमारास सुमारे ४३३ कोटी रुपयांचा प्राणिसंग्रहालय आधुनिकीकरणाचा आराखडा पुढे आला, तेव्हा त्यात जुन्या झाडांचे काय होणार असा प्रश्न नागरिकांनी विचारला. ‘सेव्ह राणीबाग’ समितीने हा लढा लावून धरला आणि आराखडा आटोपशीर करावा लागला. पिंजरे आधुनिक व्हायलाच हवे होते. झाडांच्या जिवावर मात्र नव्हे. जुलै २०१६ मध्ये आठ हम्बोल्ट पेंग्विन आले, पुढल्या वर्षी ते लोकांना दाखवायला सुरुवात झाली आणि तिकीटही वाढले: प्रौढांना ५ रुपयांचे ५० रुपये. दोन मुलांसह आलेल्या आईवडिलांना मिळून १०० रुपये ठरले.

पेंग्विनसाठी लागणारी रांग लांब असते, उर्वशीसाठी रांग लागत नाही. बाग बुधवारी बंद असते.